डोंग्यात बांधलेलं पान

आमच्या डोंग्यात, म्हणजे लहानशा होडीत, सगळं बांधलेलं असायचं. तंबाखूची डबी, भाताचा डबा, पाण्याचा तुंबा, सुरी, आत आलेलं पाणी उपसायचं टमरेल. प्रत्येकाला एक दोरी आणि दोरीचं दुसरं टोक डोंग्यातल्या आडव्या दांड्याला. मी पोहायला शिकेपर्यंत बाबा मलाही त्याच दांड्याला बांधायचे. कमरेला सुतळी, दोन-तीन हात सैल. काठावरून आई ओरडायची, "बकरी बांधल्यावानी बांधली माया पोरीले!" बाबा म्हणायचे, "पोहता येऊ दे, मंग देतो सोडून." मी सात वर्षांची झाले तेव्हा त्यांनी मला सोडलं. बाकीचं सामान मात्र कायमचं बांधलेलंच राहिलं, कारण त्याला कधी पोहता येणार नव्हतं.

बांधली नाही ती वस्तू तलावाची, असा आमच्या ढिवर मोहल्ल्यात, मासेमारांच्या वस्तीत, नियम होता. पाण्यात पडली तर पडली. तिच्यामागे उडी मारायची नाही, दुसऱ्या दिवशी गळ टाकून शोधायची नाही. तलाव आपल्याला रोज देतो, मग त्यानं कधी एखादी वस्तू ठेवून घेतली तर काऊन म्हणून विचारायचं नाही. आमच्या तलावाच्या तळाशी किती लोटे, किती चपला आणि किती विळे असतील कोण जाणे. लहानपणी मला वाटायचं की खाली एक अख्खं घर लागलेलं आहे आणि त्यात फक्त माणसं तेवढी राहायला जायची आहेत.

गाव नागभीडपासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये. दुपारी छोट्या रेल्वेची शिट्टी पार तलावापर्यंत यायची. जाळं टाकून झालं की बाबा डोंगा शिंगाड्याच्या वेलांजवळ आणून उभा करायचे आणि पुस्तक काढायचे. तेही अर्थात बांधलेलं. वरच्या कोपऱ्यात दाभणानं भोक पाडून त्यातून सुतळी ओवलेली.

हे पुस्तक आमच्याकडे आलं ते रद्दीतून. आई बाजारात सुके झिंगे विकायची आणि बांधून द्यायला रद्दीचे कागद आणायची. एकदा त्या गठ्ठ्यात जाडजूड कादंबरी निघाली. बाबांच्या लक्षात येईपर्यंत कव्हर आणि सुरुवातीची बरीच पानं झिंग्यांसोबत गावोगाव गेली होती. उरलेलं पुस्तक त्यांनी आईच्या हातातून ओढून घेतलं. आईनं कपाळाला हात लावला. "आता झिंगे काय पदरात बांधून देऊ?" त्यामुळे पुस्तकाचं नाव काय, कोणी लिहिलं, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. गोष्ट मधूनच सुरू व्हायची. एक माणूस पायी चालला आहे. त्याच्या झोळीत भावाच्या कोऱ्या वहाणा आहेत. खूप वर्षांपूर्वी भांडण करून तो घरातून निघाला तेव्हा रागारागात भावाच्याच वहाणा घालून निघाला, पण गावाच्या वेशीवर येताच त्यानं त्या काढल्या आणि मग कधीच घातल्या नाहीत. आता त्या परत द्यायला तो घरी निघाला आहे.

बाबा चौथी शिकलेले. एका दिवसात एक पान, त्याहून जास्त नाही. ओठ हलवत, बोट फिरवत, मोठ्यानं वाचायचे. पाण्यावरून उठलेला उजेड पुस्तकावर थरथरायचा आणि अक्षरं हलताहेत असं वाटायचं. मी डोंग्याच्या टोकाला उताणी पडून ऐकायचे. तो माणूस चालायचा, डोंगा हलायचा, ढग सरकायचे, आणि माझा डोळा कधी लागला तेही कळायचं नाही. जागी व्हायचे तेव्हा बाबा त्याच ओळीवर असायचे. मला खरंच वाटे की तो माणूस आमच्या तलावाच्या पाळीवरूनच चालला आहे आणि मान वर केली तर दिसेल.

घरी आई त्याला पाव्हणा म्हणायची. "आज कुठवर आला तुमचा पाव्हना?" बाबा ताटावरून मान वर न करता सांगायचे, "नदी दोन दिवसावर राह्यली." आई म्हणायची, "या चालीनं थो येईपर्यंत माया पोरीचं लगीन होऊन जाईन."

मी नऊ वर्षांची असताना ते झालं. पाऊस सरला होता, तलाव तुडुंब होता आणि पलीकडच्या काठाला कमळाची फुलं गळून कमळगट्टे धरले होते. कोवळा कमळगट्टा फोडून खाण्याइतकं सुख मला तेव्हा दुसऱ्या कशात वाटत नसे. मी सकाळपासून बाबांच्या मागे लागले होते, तिकडे चला. आणि बाबा म्हणत होते, "एवढं पान होऊ दे." माझा राग तेव्हाही नाकावरच असायचा. पान होईना. शेवटी बाबा जाळं बघायला डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला गेले, तेव्हा मी दांड्याची गाठ सोडली. पुस्तक लपवायचं होतं, एवढंच मनात होतं असं मी स्वतःला आजवर सांगत आले. हात ओले होते. पुस्तक निसटलं की मी सोडलं, हे खरं विचाराल तर माझं मलाच नक्की माहीत नाही. ते पाण्यावर क्षणभर उघडं तरंगलं, पानं भिजून जड झाली, आणि सुतळी मागे ओढत ते खाली गेलं.

बाबा वळले. मी म्हणाले, "दोरी आपोआप सुटली."

बाबांनी दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असंन." नियम म्हणजे नियम. त्यांनी पाण्यात हातसुद्धा घातला नाही. शेवटची दहा-अकरा पानं राहिली होती.

त्या दिवसानंतर बाबांनी दुसरं पुस्तक धरलं नाही. पण पाव्हणा काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. जेवताना, जाळं विणताना, कधी बाजेवर पडल्या पडल्या एकदम म्हणायचे, "पोचला असंन का गा थो?" सुरुवातीला आई हसायची. पुढे तीही विचार करायला लागली. "वाहना घेऊन निघाला म्हनते, पन भाऊ जिता तं पायजे." दोघं जण त्या माणसाची अशी काळजी करत, की नवखा कोणी ऐकेल तर म्हणेल, यांचा मुलगा परगावी आहे. मी तिथंच बसलेली असायचे, भाताचा घास तोंडात फिरवत. खरं सांगून टाकावं असं दर वेळी वाटायचं आणि दर वेळी राहून जायचं. एका खोटेपणाला जितकी वर्षं होतात तितका तो उचलायला जड होतो.

पुढे मी मूल गावातल्या वसतिगृहात राहून शाळा केली, चंद्रपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नोकरीसाठी थेट पुण्याला गेले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. काम काय, तर पडदे वाकवायचं. आईला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी दारंखिडक्यांच्या पडद्यांच्या दुकानात लागले. पण हे पडदे वाचायचे होते. इलेक्ट्रॉनिक पुस्तकाचे. तोवर अशा पुस्तकांच्या पडद्यांमागे काच असायची, पडलं की तडा. आमच्या इथं काचेच्या जागी पातळ प्लॅस्टिक वापरून बघत होते. मी तो पडदा एका नळीभोवती गुंडाळायचे, सोडायचे, परत गुंडाळायचे, आणि किती वेळा गुंडाळल्यावर एखादी ओळ मरते, म्हणजे उमटेनाशी होते, ते लिहून ठेवायचे. कधी तो उंचावरून टाकायचा, कधी दमट पेटीत ठेवायचा, कधी त्यावर वाळू घासायची. माझ्यासोबतच्या मुली या कामाला कंटाळायच्या. मला ते आवडायचं. घरी जाळं पिळायचं, झटकायचं, खांद्यावर टाकायचं, तसंच हे.

त्या पडद्याच्या आत काय असतं ते साहेबांनी पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मी बसल्या जागी आमच्या तलावावर जाऊन आले. आत बारीक बारीक थेंब, थेंबात काळे आणि पांढरे कण. वीज दिली की काळे वर येतात किंवा पांढरे वर येतात, आणि वर आलेल्यांचं अक्षर दिसतं. माशांची पाठ काळी आणि पोट पांढरं, तसं. आणि गंमत म्हणजे वीज काढून घेतली तरी अक्षर जागचं हलत नाही. जे पान शेवटचं उमटलं ते तसंच राहतं, दिवस, महिने. मी एकदा एक बाद झालेला तुकडा कपाटात ठेवून विसरले आणि दिवाळीनंतर उघडला, तर त्यावरचं पान माझ्याकडे बघत होतं. तेव्हा मला पाव्हणा आठवला.

पुण्याला आल्यापासून मी ती कादंबरी शोधतच होते. नाव माहीत नसलेलं पुस्तक शोधणं म्हणजे काय, ते ज्यानं शोधलं त्यालाच कळेल. रविवारी जुन्या पुस्तकांच्या हातगाड्यांवर जायचं, जाड कादंबरी दिसली की मधूनच उघडायची आणि कुठं झोळी, कुठं वहाणा दिसतात का ते बघायचं. एक गाडीवाला वैतागून म्हणाला होता, "ताई, पुस्तक सुरुवातीपासून वाचतात." त्याला म्हटलं, "आमच्याकडे सुरुवात झिंग्यांना देतात." आणि एका रविवारी पुस्तक उघडलं तर समोर विहीर होती आणि विहिरीच्या काठावर तो माणूस झोळीतून वहाणा काढून त्यांच्यावरची धूळ पुसत होता. मी तिथंच फुटपाथवर बसले आणि शेवटची पानं वाचून काढली.

शेवट वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तो माणूस नदीपर्यंत येतो. पलीकडे त्याचं गाव, दिवे दिसताहेत. नदीला पूर. तो झोळीतून भावाच्या वहाणा काढून शेजारी ठेवतो आणि पूर उतरायची वाट पाहत बसतो. संपलं. अहो, एवढं चालवलंत त्याला, एवढी वर्षं आम्हाला ताटकळत ठेवलंत, आणि काठावर बसवून तुम्ही आपले मोकळे? त्या नदीवर एक डोंगा नव्हता? एक ढिवर नव्हता? मी गाडीवाल्याला पैसे दिले तेव्हा तो घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होता.

पण शेवट कसाही असो, तो बाबांचा होता. माझ्याच हातानं बुडाला होता आणि माझ्याच हातानं परत जायला हवा होता. मी साहेबांना विचारून एक नाकारलेला पडदा मागून घेतला. त्यात डाव्या कडेला एक ओळ मेलेली होती, एवढाच दोष. पुस्तक बुडालं तेव्हा बाबा ज्या पानावर होते त्या पानापासून शेवटपर्यंतची पानं त्यात चढवली. पडद्याला एक छोटी डबी, डबीला बटण. बटण दाबलं की पुढचं पान. पुस्तक मात्र मुद्दाम पुण्यातच ठेवलं. कागदाचं पुस्तक काय, कोणीही आणून देईल. मला बाबांना न बुडणारं पुस्तक द्यायचं होतं. गर्वाचं घर खाली, हे मी शाळेत शिकले होते, पण तेव्हा आठवलं नाही.

घरी पोचले तेव्हा दिवाळी तोंडावर होती. बाबांनी पडदा हातात घेतला, चिमटीत धरून पाहिला, उन्हाकडे धरला, हळूच वाकवला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि दोन शब्दांतच ओळखलं. मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. "हे तं आपलंच," ते म्हणाले. "कुठी भेटलं तुले?"

मी बटण कसं दाबायचं ते दाखवलं आणि मग फुशारकी मारली. "बाबा, हे वाकवा, पाडा, ओलं होऊ द्या. काय बी करा, याले काई होत नाई."

"काईच होत नाई?"

"काईच नाई."

आई म्हणाली, "मंग यात झिंगे बांधता येतीन."

बाबांनी घरी एक ओळही वाचली नाही. "डोंग्यात वाचीन," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उठायला मला उशीर झाला. तलावावर गेले तर बाबा शिंगाड्याच्या वेलांजवळ नेहमीच्या जागी. हाक मारली तसा डोंगा काठाला आणला, मी चढले. ऊन कोवळं होतं आणि पाण्यावर धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. बाबांच्या मांडीवर पडदा होता, त्यावर तेच पान, आणि मला क्षणभर वाटलं की मधली वर्षं कुठं गेलीच नाहीत, मी नुसतीच डोळा लागून उठले आहे.

बाबा म्हणाले, "पान झालं वाचून. पन हे पुढं काऊन नाई जाऊन राह्यलं?"

मी खाली पाहिलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दाभणाचं भोक. भोकातून सुतळी. सुतळी दांड्याला.

त्या कडेनंच सगळ्या बारीक तारा जातात, आणि दाभणानं त्या तोडल्या होत्या. मी वाकवण्याची, पाडण्याची, ओलाव्याची, वाळूची, सगळ्यांची यादी तोंडपाठ म्हणू शकले असते, पण बांधण्याची चाचणी आमच्या यादीत नव्हती. ती सुचायला आमच्या मोहल्ल्यात जन्माला यावं लागतं, आणि मी तर तिथंच जन्मले होते, तरी मला सुचली नाही. माझ्या तोंडून ओरडणंच निघालं, "बाबा! हे काय करून ठेवलं!"

ते गोंधळले. "बांधलं. तूच म्हनली ना, काईच होत नाई." मग हळूच म्हणाले, "मागच्या बारीले गेलं ना पान्यात."

मी बटण दाबून पाहिलं, डबी काढून परत लावली, सेल काढून परत घातले. पान जागचं हलेना. काळे कण वर आले होते ते तसेच राहिले. शेवटी म्हणाले, "पुस्तक आहे माझ्याजवळ. पुन्याले गेल्यावर पाठवते."

शिंगाड्याची पानं डोंग्याला घासत होती. बाबा म्हणाले, "तू वाचली ना समदं? सांग मंग. पोचला का थो?"

इतक्या वर्षांचा प्रश्न. मी त्या नदीकाठी बसलेल्या माणसाकडे पाहिलं, शेजारी ठेवलेल्या वहाणांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पोचला."

"कसा? नदी तं भरून असंन."

"भरून होती. एका ढिवरानं डोंग्यात बसवलं आन् पार नेऊन सोडलं."

बाबांनी मान हलवली, हे त्यांना पटण्यासारखंच होतं. "आन् वाहना?"

"दिल्या भावाले."

"भावानं घातल्या?"

"घातल्या. जराशा सैल झाल्या होत्या."

त्यांनी पडदा दोन्ही हातांनी उचलला आणि ते पान पुन्हा एकदा वरून खालपर्यंत पाहिलं. पडदा मांडीवर ठेवला. सुतळी ओढून दांड्यावरची गाठ घट्ट केली, तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माई गाठ आजपावतो कधी आपोआप सुटली नाई, बाई."

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. नऊ वर्षांची असताना जितकं चढलं होतं तितकंच.

"बाबा, मी..."

"पुस्तक पाठवू नको," ते म्हणाले. "पोचला म्हनते तं पोचला." त्यांच्या मिशीत हसू होतं, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

मग त्यांनी बांबू पाण्यात रोवला आणि डोंगा पलीकडच्या काठाकडे वळवला. "चाल," म्हणाले, "पान झालं. कमळगट्टे काढू."